सुरुवातीलाच सांगून टाकावं

थरारपटाची पहिली पाच मिनिटं प्रेक्षकाला अंधारात ठेवण्यासाठी असतात, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. ते आता राहिलेलं नाही. मी दिवाळी अंकांसाठी रहस्यकथा लिहिते, त्यामुळे हे मत नुसतं चित्रपट बघण्यापुरतं नव्हतं. माझ्या कथांची मांडणीच त्यावर उभी होती. पहिल्या परिच्छेदात किंकाळी किंवा मृतदेह, कोण मेलं आणि कुठे याचा पत्ता नाही, आणि घराचं-गावाचं वर्णन जमलं तर पुढे कधीतरी. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड वाचत वाढलेल्या वाचकाला वेग लागतो, हे त्यामागचं कारण. वेग लागतो हे मी आजही मानते. तो कशातून येतो याबद्दलचं माझं म्हणणं मात्र बदललं, आणि ते बदललं ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’मुळे.

१९५८चा हा चित्रपट. पहिल्याच क्षणी दोन हात दिसतात. ते टाइमबॉम्बचा काटा फिरवतात. बॉम्ब एका उघड्या टपाच्या मोटारीच्या डिकीत जातो, ठेवणारा पळतो, आणि एक धनिक व त्याची मैत्रीण हसत-खिदळत त्याच गाडीत येऊन बसतात. त्या पहिल्या क्षणापासून कॅमेरा एकदाही न तुटता, क्रेनवरून छपरांच्या वर चढत आणि रस्त्यावर उतरत, सव्वातीन मिनिटांहून जास्त वेळ त्या गाडीच्या मागे-पुढे राहतो. गाव मेक्सिको आणि अमेरिकेच्या सीमेवरचं. रस्त्यात माणसांची वर्दळ, हात दाखवून गाडी थांबवणारा वाहतूक पोलीस, आडवा आलेला शेळ्यांचा कळप. याच गर्दीतून एक नवपरिणीत जोडपं चालत सीमेकडे निघालंय. कधी गाडी त्यांच्या पुढे जाते, कधी अडते आणि ती दोघं पुढे निघून जातात. प्रत्येक वेळी ती गाडीच्या शेजारून चालली की आपल्या पोटात गोळा येतो.

सीमेवरच्या नाक्यावर शिपाई त्या नवऱ्याला ओळखतो. चार वाक्यांच्या गप्पांत कळतं की हा व्हार्गास, मेक्सिकोचा अधिकारी. ग्रांदी टोळीतल्या एकाला त्यानं नुकतंच पकडलंय. बायको सुझी अमेरिकन आहे. त्याच वेळी गाडीतली बाई तक्रार करतेय की डोक्यात कसली तरी टिकटिक होतेय. तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. गाडी पुढे जाते, जोडपं चुंबनासाठी थांबतं आणि स्फोट होतो.

हे सगळं मी पूर्वीही पाहिलं होतं. कॅमेऱ्याच्या कौशल्याला मनापासून दाद दिली होती आणि तिथेच थांबले होते. सीमा ही मला नेपथ्यापुरती वाटली होती. पण बॉम्ब ठेवला गेला मेक्सिकोत आणि फुटला अमेरिकेच्या हद्दीत. मग गुन्हा कुणाचा, तपास कुणाचा? व्हार्गास आणि वेल्सनं स्वतः साकारलेला अमेरिकन पोलीस अधिकारी क्विनलन यांच्यातला पुढचा सगळा संघर्ष या एका प्रश्नातून उगवतो, आणि तो प्रश्न कुणी उच्चारण्याआधीच आपण त्या गाडीबरोबर सीमा ओलांडलेली असते. जागा बदलली तर ही गोष्टच उरत नाही.

माझं मत खरं हललं ते आवाजामुळे. युनिव्हर्सल स्टुडिओनं या सुरुवातीवर श्रेयनामावली चढवली होती आणि खाली हेन्री मॅन्सिनीचं संगीत घातलं होतं. ते संगीत उत्तम आहे, मला आजही आवडतं. पण वेल्सला तिथे ते नको होतं. स्टुडिओनं केलेलं संकलन पाहून त्यानं ५८ पानांचं टिपण लिहिलं. त्या सुरुवातीला रस्त्यावरच्या क्लबांमधून, दुकानांच्या कर्ण्यांमधून येणारी गाणी एकमेकांत मिसळत ऐकू यावीत, असं त्याचं म्हणणं होतं. १९८५मध्ये वेल्स गेला. १९९८मध्ये वॉल्टर मर्चनं त्या टिपणाच्या आधारे चित्रपट पुन्हा संकलित केला आणि पडद्यावरची नावं काढून टाकली. आता गाडीचा रेडिओ ऐकू येतो. गाडी जवळ आली की त्याचा आवाज वाढतो, लांब गेली की इतर गाण्यांत बुडतो. बॉम्ब डोळ्यांआड असतानाही तो किती अंतरावर आहे हे कानांना कळत राहतं. गाव, गर्दी आणि भीती तिथे एकाच आवाजात येतात, हे ऐकल्यावर वर्णन वेगळं आणि थरार वेगळा ही माझी वाटणी टिकलीच नाही.

टेबलाखालच्या बॉम्बबद्दल हिचकॉकनं त्रुफोला सांगितलेलं मला पाठ होतं: प्रेक्षकाला बॉम्ब ठाऊक नसेल तर स्फोटाच्या वेळी पंधरा सेकंदांचा धक्का, ठाऊक असेल तर पंधरा मिनिटांची घालमेल. पण तो नियम मी मध्यंतराच्या आसपासच्या प्रसंगांपुरता ठेवला होता. हिचकॉकच्याच ‘रिअर विंडो’ची (१९५४) सुरुवात नंतर नव्यानं पाहिली. तिथे तर बॉम्बही नाही. घामेजलेलं कपाळ, ९४ अंश फॅरनहाइट दाखवणारा तापमापक, प्लॅस्टरमधला पाय, मोडका कॅमेरा, शर्यतीतल्या अपघाताचं छायाचित्र. नायक कोण आणि त्याचा पाय कसा मोडला, हे एकही संवाद न येता कळतं. आणि उकाडा आहे म्हणून समोरच्या सगळ्या खिडक्या उघड्या आहेत; थंडीचे दिवस असते तर त्याला काहीच दिसलं नसतं.

माझ्या जुन्या मताच्या बाजूनं सर्वात भक्कम साक्ष ‘अंधाधुन’ची (२०१८). पुण्यात घडणाऱ्या त्या चित्रपटाची सुरुवात श्रीराम राघवन कोबीच्या शेतातला ससा आणि त्याच्या मागावर असलेला बंदूकधारी यांच्यापासून करतात, आणि त्याचा अर्थ लागतो शेवटाकडे. तरीही शेत, ससा, बंदूक हे सगळं त्यांनी स्वच्छ उजेडात दाखवलंय. राखून ठेवलाय तो फक्त संबंध.

आजच्या मालिकांमधली ती सवय मला म्हणूनच खटकते: आधी रक्तानं माखलेली खोली, मग पडद्यावर अक्षरं, ‘सहा महिन्यांपूर्वी’. माणसं आणि जागा उभी करण्याचं कष्टाचं काम टाळून पुढच्या भागातली भीती उसनी आणलेली असते.

माझ्या अलीकडच्या कथेत विहिरीवरची फळी आतून कुजली आहे, हे वाचकाला पहिल्याच पानावर कळतं. घरातल्या कुणालाही माहीत नाही. तिच्यावर पाय पडतो तो बऱ्याच पानांनंतर. आता मी अशाच लिहिणार.

‘टच ऑफ ईव्हिल’ पाहणार असाल तर १९९८चं संकलन शोधा, आणि पहिली चार मिनिटं हेडफोन लावून ऐका.