मंडळी तीच का?

माणसे कशावरून भांडतील याला काही सुमार नाही. बांधावरून भांडतात, नळावरून भांडतात. आमटीत गूळ घालावा की घालू नये यावरून तर घरेच्या घरे दुभंगलेली मी पाहिली आहेत. पण आमच्या घरात जो वाद वर्षानुवर्षे चालला, त्याचे कारण ऐकून कुणालाही आमच्या शहाणपणाविषयी शंका यावी. हजारो मैलांवरच्या इंग्लंडात गाणारी-वाजवणारी एक मंडळी. तिच्यातले खरे गडी कोणते आणि उपरे कोणते, हा तो वाद! त्या मंडळीचे नाव 'येस'. येस म्हणजे 'हो'. आणि या 'हो'वरून आमच्या ओटीवर जेवढे 'नाही, नाही' उच्चारले गेले, तेवढे कोर्टातसुद्धा कुणी उच्चारले नसतील.

ही पीडा घरात आणली मामाने. मामा बोटीवर इंजिनखात्यात होता. बोटीवरची इतर माणसे सुट्टीवर येताना अत्तरे आणीत, साड्या आणीत, ट्रान्झिस्टर आणीत. आमचा मामा तबकड्या आणी. १९८६ साली त्याने दर्या कायमचा सोडला. तो घरी आला तेव्हा अंगावरचे कपडे आणि हातातली पिशवी एवढेच त्याच्याजवळ होते. तबकड्यांची काळी ट्रंक मागाहून, चांगली चार महिन्यांनी आली. ती कशी आली हे विचारण्याचे आम्हां मुलांना कारण नव्हते. ट्रंक आली, हेच पुष्कळ होते.

दर भाऊबीजेला मामा आईकडे यायचा आणि येताना ट्रंकेतल्या पाचसहा तबकड्या घेऊन यायचा. त्यांची वेष्टणे हीच मुळी एक दिवाळी असे. रॉजर डीन नावाच्या चित्रकाराने ती रंगवलेली. एकावर इवलीशी पृथ्वी तडकते आहे, एकावर ताऱ्यांखाली मासे पोहताहेत आणि मागे देऊळ दिसते आहे. ते देऊळ पाहून आई पहिल्यांदा म्हणाली होती, "हे कुठलं रे क्षेत्र?"

हे संगीत ऐकायला सोपे नव्हते. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडातल्या काही तरुणांना तीन मिनिटांत संपणाऱ्या गाण्यांचा कंटाळा आला. त्यांनी रॉकमध्ये ऑर्गन आणला, लांबलचक रचना बांधल्या, तालाशी खेळ मांडला. लोक त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणू लागले. येस ही त्यांतलीच. जॉन अँडरसन हा गायक आणि ख्रिस स्क्वायर हा बेस गिटारवाला, यांनी १९६८ साली लंडनमध्ये ती उभी केली. जोडीला गिटारवर पीटर बँक्स, ऑर्गनवर टोनी के आणि ड्रमवर बिल ब्रुफर्ड. हे मूळ पाच पांडव. पण या पांडवांचा वनवास फार लवकर सुरू झाला. १९७० साली बँक्स गेला, स्टीव्ह हौ आला. पुढच्या साली के गेला, रिक वेकमन आला. १९७२ साली 'क्लोज टू द एज' ही तबकडी निघाली. तिची एक संपूर्ण बाजू म्हणजे अठरा मिनिटांची एकच रचना, आणि तिच्या मुळाशी हर्मन हेसेची 'सिद्धार्थ' कादंबरी! मामा ती लावायचा आणि तेवढा वेळ ओटीवर कुणी पाणीही मागायचे नाही असा दंडक होता.

"इथे कळस झाला," मामा म्हणायचा. "आणि कळस झाल्याबरोबर ब्रुफर्ड उठला आणि किंग क्रिम्सनमध्ये गेला. तो गेला तिथेच मंडळी संपली."

"मग पुढची पन्नास वर्षं वाजवतंय कोण?" दादा विचारायचा.

दादाची भक्ती दुसऱ्या देवावर. त्याने पहिल्याने ऐकली ती मुंबईहून कुणीतरी आणलेली '९०१२५'ची कॅसेट. तबकडीचा विक्री-क्रमांक हेच तिचे नाव. ही १९८३ ची गोष्ट. मधल्या काळात मंडळी एकदा मोडून पुन्हा उभी राहिली होती आणि तिच्यात ट्रेव्हर रॅबिन नावाचा दक्षिण आफ्रिकेतला तरुण गिटारवाला आला होता. तिच्यातले 'ओनर ऑफ अ लोनली हार्ट' हे गाणे १९८४ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. मामाच्या लेखी तो बाजार होता. दादाच्या लेखी ते पुनरुज्जीवन होते.

माझा कौल कुणालाच मान्य नव्हता. मला आवडायची ती १९७३ ची 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स': चार बाजू आणि चारच रचना. टोकियोच्या हॉटेलात अँडरसन परमहंस योगानंदांचे आत्मचरित्र चाळत होता. त्यातल्या एका लांब तळटीपेत आपल्या शास्त्रग्रंथांच्या चार प्रकारांची माहिती होती. त्या तळटीपेवरून त्याने ही चार बाजूंची इमारत रचली. विलायतेतल्या रॉकवाल्याने श्रुती-स्मृतींवर तबकडी काढावी, याचा मला केवढा अभिमान! तो मी दाखवला की मामा आणि दादा यांची तेवढ्यापुरती युती व्हायची.

"अरे, ज्याने ती वाजवली त्या वेकमनलाच ती आवडली नव्हती," मामा हसत सांगायचा. त्याची गोष्ट वेकमननेच पुढे सांगितली आहे. मँचेस्टरला हे लांबलचक प्रकरण चालू होते, आणि याला फारसे वाजवायचे नव्हते. मदतनिसाने काही विचारले, याने खाण्याचे काहीतरी सांगितले, आणि थोड्याच वेळात भर रंगमंचावर ऑर्गनवर विंदालू, पापड आणि भेंडीची भाजी येऊन दाखल झाली! पुढच्या साली वेकमन मंडळीतून गेला. "श्रुती-स्मृती इथे, आणि भेंडीची भाजीही इथेच," असे दादा म्हणाला की मला गप्प बसावे लागे.

मात्र हा वाद इंग्रजी आहे असे मला कधीच वाटले नाही. १९१३ साली बालगंधर्व, टेंबे आणि बोडस किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. तेव्हा खरी किर्लोस्कर कोणती, पाटी लावलेली की गाणे घेऊन गेलेली, हा प्रश्न आपल्या पणजोबांच्या पिढीला पडलाच असेल. येसचेही तेच झाले. १९८९ साली अँडरसन, ब्रुफर्ड, वेकमन आणि हौ हे चौघे जुने गडी एकत्र आले. पण नावाचा हक्क दुसऱ्यांकडे. मग बिचाऱ्यांनी आपली चार आडनावेच तबकडीवर छापली, एखाद्या वकिलाच्या पाटीसारखी! १९९१ साली दोन्ही तट एक होऊन आठ जण एका मंचावर उभे राहिले. त्या वेळच्या 'युनियन' तबकडीला वेकमन 'अनियन', म्हणजे कांदा, म्हणतो. कारण ती ऐकली की त्याला रडू येते.

असे हसतखेळत चालले होते. मग २००८ ची भाऊबीज आली.

जेवणे झाली होती. दादाने बातमी सांगितली. मंडळीच्या चाळिसाव्या वर्षाचा दौरा ठरला होता. ऐन वेळी अँडरसनला श्वासाचा गंभीर विकार झाला आणि दौरा रद्द करावा लागला. आता बाकीच्यांनी नवा गायक घेतला होता. कॅनडातला बेन्वा डेव्हिड; येसचीच गाणी हुबेहूब गाणाऱ्या एका नकलाकार मंडळीत तो गात असे.

मामाचा चेहरा उतरला. "माणूस आजारी पडलाय, आणि हे त्याच्या जागी दुसरा उभा करून मोकळे?"

दादा वादाच्या भरात होता. तो पटकन म्हणाला, "मग काय करायचं, मामा? एक माणूस आजारी पडला म्हणून बोट बंदरात थांबते का?"

ओटीवर एकदम शांतता झाली. आई दारात उभी होती, ती तशीच राहिली.

मामाने दर्या का सोडला हे घरात सर्वांना ठाऊक होते, पण बोलत कुणी नसे. १९८६ साली परक्या बंदरात तो तापाने फणफणला. त्याला तिथल्या इस्पितळात ठेवले, दुसऱ्या माणसाला त्याच्या जागी घेतले, आणि बोट निघून गेली. तो बरा होऊन घरी आला. पण त्याची जागा गेली ती गेलीच. पुन्हा बोलावणे आले नाही. दादाच्या मनात यातले काही नव्हते. तोंडातून शब्द मात्र नेमका तोच निघाला होता.

मामाने तबकड्या उचलल्या, एकेक वेष्टणात घातली, आणि चारच्या एस.टी.ने तो गेला.

त्यानंतर तो भाऊबीज चुकवायचा नाही. यायचा, पाटावर बसायचा, आईकडून ओवाळून घ्यायचा, ताटात ओवाळणी टाकायचा आणि चारच्या गाडीने परत. पण तबकड्या नसत, वाद नसे. दादाशी तो हवापाण्याचे तेवढे बोले. वाद नसलेले घर किती ओसाड वाटते, ते त्या तीन दिवाळ्यांत मला कळले. आई तर एकदा म्हणाली, "ते मेलं तुमचं येस लावा रे कुणीतरी!"

२०१२ च्या आरंभी दादा एका रविवारी सकाळी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "चल, मामाकडे जायचंय." वाटेत एक अक्षर बोलला नाही. मामा अंगणात सुपाऱ्या वाळत घालीत होता. दादाने चपला काढल्या नाहीत तोच सांगून टाकले, "मामा, तो बेन्वा डेव्हिडही आजारी पडला. श्वासाचाच विकार. त्याच्याही जागी दुसरा घेतलाय त्यांनी."

मला वाटले, मामा आता म्हणेल, 'बघ, मी म्हणत नव्हतो?' तेवढे म्हणण्याचा हक्क त्याला होता. दादाही ते ऐकून घेण्याच्या तयारीनेच आला होता.

मामाने हातातले सूप खाली ठेवले. "बरा आहे ना रे तो?" त्याने विचारले.

दादाच्या डोळ्यांत पाणी आले. तो म्हणाला, "मामा, त्या दिवशी मी फार वाईट बोललो."

मामाने त्याला ओटीवर बसवले आणि मामीला चहा टाकायला सांगितले. मग काळ्या ट्रंकेकडे बोट दाखवून म्हणाला, "ही कुणी आणली ठाऊक आहे? माझ्या जागी जो आला ना, त्या पोराने. पोरगाच होता, विशीतला. मी इस्पितळात असताना माझं सामान त्याच्या खोलीत आलं. तो फेकून देऊ शकला असता. पण त्याने एकेक तबकडी कपड्यांत गुंडाळली, चार महिने सांभाळली, आणि सुट्टीवर आला तेव्हा स्वतःच्या घरी जाण्याआधी इथे आणून दिली. एकीलाही चरा नाही. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही रे. माझी जागा घेतली होती ना त्याने!" मामा थोडा वेळ गप्प राहिला. "तुझा राग आला होता तो खरा. पण त्याहून जास्त हे आठवत होतं."

त्या दिवशी आम्ही 'ड्रामा' ऐकली. १९८० ची ही तबकडी अँडरसन आणि वेकमन दोघेही नसतानाची. ती मामाने घेतली होती, पण ऐकली नव्हती. सबंध ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "वाईट नाही. बेस तोच आहे."

बेस तोच होता, कारण स्क्वायर कधी गेलाच नव्हता. २०१५ च्या २७ जूनला रक्ताच्या कर्करोगाने तो वारला. तोवरच्या प्रत्येक तबकडीवर वाजवणारा तो एकटाच. आजारपणात आपल्या जागी बिली शेरवूडने वाजवावे, हे त्याने स्वतःच ठरवले होते. त्याच्यामागून झालेल्या पहिल्या कार्यक्रमात प्रथम त्याची रिकनबॅकर गिटार मंचावर प्रकाशात एकटीच ठेवली होती. मंडळी मागाहून आली. दादाने हे सांगितले तेव्हा मामा म्हणाला, "असं करावं. आधी जागा दाखवावी, मग भरावी."

गेल्या वर्षी श्रावणात मामा गेला. भाऊबीज जवळ आली तसा आम्हांला घोर लागला. आईला दुसरा भाऊ नाही. शेजारचे एक गृहस्थ भले, ते आपण होऊन म्हणाले, "मी येतो, वहिनी, मला ओवाळा." आईने त्यांना फराळाला बोलावले, पण पाटाचे काही बोलली नाही.

संध्याकाळी तिने अंगणात पाट मांडला, भोवती रांगोळी घातली. द्वितीयेची कोर फार वेळ थांबत नाही. ती माडांआड जायच्या आत आईने निरांजन लावले आणि चंद्राला ओवाळले. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसे. पाट रिकामाच होता. मग ती आत आली, आणि शेजारच्या गृहस्थांना तिने स्वतःच्या हाताने वाढले.

रात्री दादाने काळी ट्रंक उघडली. मामीनेच ती त्याच्याकडे पाठवली होती. दादाची लेक कॉलेजात आहे. ती म्हणाली, "बाबा, २०२१ च्या 'द क्वेस्ट'मध्ये तर पहिल्या पाचांपैकी एकही नाही. मग तिला येस म्हणायचं तरी कसं?"

दादा म्हणाला, "म्हणायचंच!" मी म्हणालो, "मुळीच नाही." आतून आई ओरडली, "आधी लावा तर काहीतरी!"

आणि काय लावायचे यावरून आमचे जे जुंपले, ते मध्यरात्रीपर्यंत मिटले नाही.