खांदेमळणी बैलाची झाली, माणसाची कधी?

गोडी छाटणीचे दिवस आहेत. दिंडोरी, निफाडच्या पट्ट्यात सध्या ज्याच्या त्याच्या तोंडी पेस्टिंग, पाऊस आणि डाऊनी. आज काडीबद्दल नाही, काडी छाटणाऱ्या खांद्याबद्दल लिहितोय.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडं खांदेमळणी असते. बैलाचा खांदा गरम पाण्यानं शेकायचा, हळद आणि तूप लावून चोळायचा. मसाज हा शब्द आपल्या आज्या-पणज्यांना माहीत नव्हता. पण जू जिथं बसतं तिथं ताण साठतो आणि ऊब दिली, हात फिरवला की जनावर मोकळं होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बैलाचं बरंच काम आता ट्रॅक्टरनं घेतलं. माणसाच्या खांद्याचं काम मात्र कुणीच घेतलं नाही. छाटणी, पेस्टिंग, फेलफुटी काढणं, डिपिंग, विरळणी, सगळं हात वर करून, मान मागं टाकून. हात खांद्याच्या वर धरून ठेवला की तिथले स्नायू सारखे आवळलेले राहतात, त्यांना रक्त कमी पोचतं. संध्याकाळी मानेपासून दंडापर्यंत ठणका लागतो तो त्यामुळं. कांदा लागवडीत याच्या उलट, दिवसभर कंबर वाकलेली. आणि पाठीवरचा सोळा लिटरचा पंप भरला की नुसतं पाणीच १६ किलो.

यावर वावरात चालणारा उपाय म्हणजे गोळी. आमच्याकडं पेठ-सुरगाण्याकडची टोळी येते. त्यातल्या एक मावशी रोज दुपारी भाकरीच्या आधी दुखण्याची गोळी घ्यायच्या. म्हटलं, मावशी, घरी कुणाकडून तरी तेल लावून घ्या. त्या हसल्या. म्हणाल्या, "भाऊ, घरी गेल्यावर मला कोण चोळणार? मलाच भाकरी थापायच्यात."

या वाक्यावर मी बराच विचार केला. उपाशीपोटी रोजची गोळी पोटाला जाळते, पुढं मूत्रपिंडालाही बाधते. त्यात उन्हात पाणी कमी प्यायलेलं असलं तर अजून वाईट. आणि गोळीचे पैसे जातात ते मजुरीतूनच.

मग मुकादमाशी बोलून एक पद्धत बसवली. दुपारच्या सुट्टीनंतर १० मिनिटं, बायांनी दोघी-दोघींच्या जोडीनं एकमेकींचे खांदे दाबायचे. ती १० मिनिटं कामाच्या वेळेत धरायची, मजुरी कापायची नाही. पहिले दोन दिवस नुसतं हसणंच झालं. तिसऱ्या दिवसापासून आठवण करून द्यावी लागली नाही. पुरुष गडी लाजले, ते संध्याकाळी आपापसात करतात.

करायचं कसं? आधी हात साबणानं धुवायचे. मानेच्या बुडापासून खांद्याच्या टोकापर्यंत तळहातानं हलका दाब देत जायचं. गाठ लागेल तिथं अंगठा ठेवून जरा थांबायचं, मग सोडायचं. मणक्याच्या हाडावर दाब द्यायचा नाही. मान मोडायची नाही, झटका तर अजिबात नाही. घरी असाल तर कोमट तीळ तेल चालतं, खोबरेलही चालतं. तेलापेक्षा हाताचं काम जास्त.

याला शास्त्राचा आधार किती? वाग्भटांच्या अष्टांगहृदयात रोजच्या दिनचर्येत अभ्यंग सांगितलाय. डोकं, कान आणि पाय यांवर विशेष भर आहे, आणि अजीर्ण असताना करू नये असंही सांगितलंय. अलीकडचं बघायचं तर कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा २०१२ सालचा प्रयोग आहे. ११ तरुणांना थकेपर्यंत व्यायाम करायला लावला, मग एकाच पायाला १० मिनिटं मालिश केली आणि दोन्ही पायांच्या स्नायूंचे नमुने तपासले. मालिश केलेल्या पायात दाह वाढवणाऱ्या खुणा कमी दिसल्या. मालिशनं लॅक्टिक आम्ल निघून जातं ही समजूत मात्र त्यात खरी ठरली नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१७ साली नव्यानं लागलेल्या कंबरदुखीसाठी गोळीच्या आधी शेक, मालिश असे उपाय सुचवले. मालिशबाबतचा पुरावा कमी ताकदीचा आहे हेही त्यांनी लिहिलंय. जुन्या दुखण्याला व्यायामाची जोड लागतेच. म्हणजे मालिश ही जादू नाही. पण खर्च नाही, आणि नीट केली तर अपाय नाही.

आता महत्त्वाचं. फवारणी करून आलात तर आधी कपडे बदला, साबणानं आंघोळ करा, मगच तेलाला हात लावा. औषध कातडीतून अंगात जातं, त्यावर चोळणं म्हणजे ते आत ढकलणं. एकाच पायाची पोटरी सुजून गरम झाली असेल तर चोळू नका, आत रक्ताची गाठ असू शकते. ताप असेल, हाड मोडल्याची शंका असेल, रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टर. कंबरदुखीबरोबर पाय लुळा पडत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल तर तासभरही थांबू नका. आणि काम करताना छातीत दाटून डावा खांदा किंवा हात दुखू लागला, घाम फुटला, तर ते छाटणीचं दुखणं समजून तेल लावत बसू नका. गाडी काढा आणि दवाखाना गाठा.

मावशींचं दुखणं गेलं असं मी म्हणणार नाही. अजून विरळणी बाकी आहे. पण रोजची गोळी आठवड्यातून एक-दोनदावर आलीय. आणि उंच तारेखाली उभं राहायला आता त्यांनी एक पाट मागितलाय, म्हणजे हात खांद्याच्या खाली राहील. हा उपाय मालिशपेक्षाही मोठा, कारण दुखणं तिथूनच सुरू होतं. चार पाट करून घेतलेत.

प्लॉटवर औषधाचा, खताचा हिशोब आपण लिटर-किलोत ठेवतो. त्यात रोजची ही १० मिनिटंही मांडून बघा. तुमच्याकडच्या टोळीत यासाठी काय करतात, कोणतं तेल वापरतात, जरूर कळवा.