गॅरेजमधली टिकटिक

लेकाने जुनी मोटरसायकल घेतली तेव्हा आमच्या न्यू जर्सीच्या घरात दोन दिवस अबोला होता. मग मीच म्हटलं, घेतलीच आहेस तर मागच्याला नीट दिस तरी. टेललाइट, इंडिकेटर, सगळं एलईडी केलं; ब्रेक दाबताक्षणी पेटतो, तार तापायची वाट नाही. पण इंडिकेटर वेड्यासारखे फडफडायला लागले! जुना बल्ब 21 वॅटचा, एलईडी जेमतेम 2-3. रिलेला वाटतं बल्ब गेला. रेझिस्टर लावता येतो, पण तो भयंकर तापतो. आम्ही एलईडीला चालणारा रिलेच बसवला. त्या तीन तासांत पोरगा चक्क मराठीत बोलत होता. "बाबा, तो पाना दे ना." (स्क्रूड्रायव्हरलाही पानाच म्हणतो, असू दे.)

आता तो रात्री निघाला की कोपऱ्यावर पिवळा दिवा लुकलुकेपर्यंत मी खिडकीत उभा असतो. हिला सांगू नका.