शेगडीभोंवतींचा खेळ

क्रिकेटच्या देशांत जन्मून, क्रिकेटच्या बातम्या वाचतां वाचतां ज्याचे केस पिकले, अशा मनुष्यानें पन्नाशींत बेसबॉलसारख्या परक्या खेळाचा नाद लावून घ्यावा, हें आमच्या स्नेही मंडळींना अद्याप पटलेलें नाहीं. त्यांतही आमच्या नादाची तऱ्हा अधिकच विचित्र. इतर लोकांना खेळाचा मोसम चालू असतांना उत्साह येतो. आम्हांला तो मोसम संपल्यावर येतो. ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या आरंभीं अमेरिकेंत शेवटचा सामना होतो आणि मैदानें ओस पडतात. तेव्हांपासून फेब्रुवारीच्या मध्याला खेळाडू पुन्हा सरावासाठीं जमेपर्यंत, एकही चेंडू न टाकतां जो खेळ चालतो, तोच आम्हांला खरा खेळ वाटतो. कोणाला ठेवावयाचें, कोणाला सोडावयाचें, कोणाच्या बदल्यांत कोणाला घ्यावयाचें आणि कोणापुढें किती कोटींची थैली ओतावयाची, याचा हा खेळ. अमेरिकन लोकांनीं त्याला फार दिवसांपासून एक घरगुती नांव दिलें आहे: 'हॉट स्टोव्ह लीग', म्हणजे तापल्या शेगडीभोंवतींची स्पर्धा. बाहेर बर्फ पडत आहे, गांवच्या दुकानांत शेगडीभोंवतीं चार म्हातारे हात शेकीत बसले आहेत, आणि पुढच्या उन्हाळ्याचा संघ आज तेथेंच बांधला जात आहे, असें तें चित्र आहे. पारावरच्या बैठकीची ज्याला चटक आहे त्याला तें परकें वाटूं नये.

या नादाचा उगम सांगितला पाहिजे. २०१८ च्या ऑगस्टांत एका विद्यापीठाच्या निमंत्रणावरून आम्ही वर्षभरासाठीं बॉस्टनला गेलों आणि शहराबाहेर राहणाऱ्या धाकट्या बंधूंच्या घरीं उतरलों. त्यांचा मुलगा तेव्हां नऊ वर्षांचा होता. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत आमचा जन्म गेला. परंतु बेसबॉलच्या इंग्रजीचीं मुळाक्षरें आम्हीं या गुरूपाशीं गिरविलीं. त्याचा संघ रेड सॉक्स, म्हणजे अक्षरशः तांबडे मोजे. असल्या पायांतल्या नांवावर कोणाची भक्ति जडेल असें आम्हांला वाटलें नव्हतें. पण १९१२ सालीं उघडलेल्या फेनवे पार्कमधील अरुंद लाकडी खुर्च्यांवर दोन संध्याकाळी काढल्या आणि आम्ही त्या पंथाची दीक्षा घेऊनच बाहेर पडलों. त्या वर्षीं रेड सॉक्सनीं १६२ सामन्यांपैकीं १०८ जिंकले, आणि ऑक्टोबरांत वर्ल्ड सीरीजमध्यें लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाला चार विरुद्ध एक असें हरविलें.

त्या संघांत मूकी बेट्स नांवाचा गडी होता. बेसबॉलच्या धिप्पाड मंडळींत हा ठेंगणाच म्हणावयाचा, उंची पांच फूट नऊ इंच. पण मैदानाच्या उजव्या अंगाला तो धांवूं लागला म्हणजे चेंडू आपण होऊन त्याच्या हातमोज्याकडे वळतो कीं काय असें वाटे. त्या मोसमांत त्याची फलंदाजीची सरासरी ३४६ होती, ३२ वेळां त्यानें 'होम रन' मारला, ३० वेळां बेस चोरला, आणि अमेरिकन लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू हा मान त्यालाच मिळाला. २०११ मध्यें, शाळेंतून बाहेर पडतां पडतां, संघानें त्याला पांचव्या फेरींत निवडून आणलें होतें. म्हणजे तो घरांतच वाढलेला. वर्ल्ड सीरीजच्या ऐन धामधुमींत एका रात्रीं तो बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाबाहेर बेघर लोकांसाठीं अन्न घेऊन गेला होता, अशी बातमी वृत्तपत्रांत आली. तेव्हांपासून खेळांतलें कांहींएक न कळणारी आमची भावजयही त्याचें नांव घरच्या माणसाप्रमाणें घेऊं लागली. पुतण्याच्या अंगांत तर त्याच्या ५० आंकड्याचा सदरा दिवसरात्र असे.

पुढें आम्ही पुण्यास परतलों. २०२० च्या फेब्रुवारींत एका सकाळीं कॉलेजला निघण्याच्या गडबडींत असतां बॉस्टनहून फोन आला. पुतण्या बोलत होता. त्याचें मराठी मोजकें आहे, म्हणूनच कदाचित् तें नेमकें असतें. तो म्हणाला, "काका, मूकीला विकला. आपण गरीब झालों का?"

आम्ही म्हणालों, "नाहीं रे."

"मग कां विकला?"

या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर देणें सोपें नव्हतें. खेळाच्या नियमाप्रमाणें नवा खेळाडू पहिलीं सुमारें सहा वर्षें आपल्या संघाशीं बांधलेला असतो. तीं संपलीं कीं तो मोकळा होतो आणि वाटेल त्या संघाशीं करार करूं शकतो. बेट्सची मुदत २०२० च्या अखेरीस संपावयाची होती. त्याला हव्या असलेल्या रकमेवर संघाशीं त्याचें जुळत नव्हतें. शिवाय तेथें एक 'लक्झरी टॅक्स' आहे. संघाचा खेळाडूंवरील खर्च ठराविक रेषेच्या वर गेला कीं वरच्या रकमेवर कर भरावा लागतो, आणि वर्षामागून वर्ष रेषा ओलांडली तर कराचा दर चढत जातो. २०२० सालची ती रेषा २० कोटि ८० लक्ष डॉलरांची होती. रेड सॉक्स लागोपाठ दोन वर्षें तिच्या वर होते. तेव्हां चालकांनीं असा हिशेब केला कीं, हा गडी वर्षाअखेर फुकट जावयाचाच आहे. त्यापेक्षां आतांच देऊन टाकावा, बदल्यांत तीन तरुण घ्यावे, आणि कराचें मीटर पुन्हा शून्यावर आणावें. पहिला सौदा एका तिसऱ्या संघाच्या गोलंदाजाच्या वैद्यकीय तपासणीवरून फिसकटला. १० फेब्रुवारीला तो नव्यानें पुरा झाला. बेट्स आणि भारी पगाराचा गोलंदाज डेव्हिड प्राइस डॉजर्सकडे गेले; प्राइसच्या उरलेल्या पगाराचा निम्मा भार मात्र रेड सॉक्सनींच उचलला. ज्या डॉजर्सना सोळा महिन्यांपूर्वीं याच बेट्सनें धूळ चारण्यास हातभार लावला, त्यांच्याच हातीं त्याला देण्यांत आलें. इकडे आले अॅलेक्स वर्दूगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग. यांपैकीं डाउन्सचें नांव यांकीज संघाच्या डेरेक जीटरवरून ठेवलेलें! रेड सॉक्सच्या घरांत तें नांव म्हणजे काय, तें बॉस्टनकरांनाच विचारावें.

हा हिशेब चुकीचा होता असें आम्ही म्हणत नाहीं. टँपा बेसारखा तोकड्या उत्पन्नाचा संघ दर दोन-चार वर्षांनीं आपला उत्तम गडी असाच देऊन टाकतो, आणि त्याला कोणीही नांवें ठेवीत नाहीं. घरांत दाणा उरला नाहीं म्हणून शेतकऱ्यानें दावणीचा बैल बाजारांत नेला तर गांव त्याच्याबरोबर हळहळतें. परंतु २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षीं खेळाडूंच्या पगारावर अमेरिकेंत सर्वांत अधिक पैसा याच रेड सॉक्सनीं ओतला होता. त्यांच्या मैदानाचीं तिकिटें घेतांना आमच्या बंधूंसारख्या मनुष्यालाही महिन्याचा जमाखर्च पाहावा लागतो. असल्या वाड्यांतून बैल निघाला कीं, ओसरीवर बसलेलें नऊ-दहा वर्षांचें पोर साहजिकच विचारणार, आपण गरीब झालों का? संघाकडून आलेलें उत्तर भविष्याच्या आणि शाश्वत पायाच्या भाषेंत होतें. ही भाषा आमच्या परिचयाची आहे. आमच्या ओळखीच्या एका शिक्षणसंस्थेनें कांहीं वर्षांपूर्वीं, विद्यार्थी थोडे म्हणून, संस्कृतच्या अध्यापकाची जागा बंद केली आणि त्याच वर्षीं फाटकावर नवी कमान उभारली. ठरावांतले शब्द 'भविष्याचा विचार करून' असेच होते.

बॉस्टनला असल्या विक्रीची आठवण शंभर वर्षांची आहे. १९१९ च्या डिसेंबराच्या अखेरीस संघाचा तेव्हांचा मालक हॅरी फ्रेझी यानें बेब रूथला न्यूयॉर्कच्या यांकीजना एक लक्ष डॉलरांस विकण्याचें ठरविलें, आणि जानेवारींत ती बातमी जाहीर झाली. नुकत्याच संपलेल्या मोसमांत रूथनें २९ होम रन मारून उच्चांक केला होता. न्यूयॉर्कला जातांच पहिल्याच वर्षीं त्यानें ५४ मारले. रेड सॉक्सनीं १९१८ सालीं जिंकलेली वर्ल्ड सीरीज त्यांना पुन्हा जिंकतां आली ती एकदम २००४ सालीं, म्हणजे ८६ वर्षांनीं. फ्रेझी हा नाटकांचा धंदा करणारा. 'नो, नो, नॅनेट' या संगीत नाटकासाठीं त्यानें रूथला विकलें अशी दंतकथा बॉस्टनमध्यें अजून ऐकूं येते. तें नाटक न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलें १९२५ सालीं. तेव्हां दंतकथेनें पंचांग पाहिलेलें दिसत नाहीं. पण फ्रेझीला पैशाची निकड होती एवढें खरें. विक्रीबरोबरच यांकीजच्या मालकाकडून तीन लक्षांचें कर्ज, आणि तेंही फेनवे पार्क गहाण टाकून, घेण्याचें ठरलें होतें. त्याच्या घरच्या एखाद्या मुलानें आमच्या पुतण्याचा प्रश्न विचारला असता तर त्याला 'होय' असें उत्तर तरी देतां आलें असतें.

येथें कोणी म्हणेल, तुमचा हा लळा म्हणजे खेळाडूच्या पायांतली दुसरी बेडीच नव्हे काय? हा आक्षेप आम्हांला वजनदार वाटतो. फार वर्षें तेथें अशी पद्धत होती कीं, करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राही. १९६९ च्या शरदांत सेंट लुइस संघानें कर्ट फ्लड या बारा वर्षांच्या जुन्या गड्याला फिलाडेल्फियाकडे धाडलें. फ्लडनें जाण्याचें नाकारलें. २४ डिसेंबरला त्यानें बेसबॉलच्या आयुक्ताला पत्र लिहून कळविलें कीं, माझी इच्छा न विचारतां मला विकावें-घ्यावें अशी मी कोणाची मालमत्ता नाहीं. १९७० चा सबंध मोसम तो खेळला नाहीं. त्याचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७२ सालीं तो हरला. पुढें १९७५ च्या डिसेंबरांत, दुसऱ्या दोन खेळाडूंच्या वादांत, एका लवादानें ती बेडी तोडली. त्या निकालाचें फळ फ्लडच्या स्वतःच्या पदरांत पडलें नाहीं. आजचे कोट्यधीश खेळाडू त्याच्या ऋणांत आहेत. तेव्हां बेट्स आपल्या मनानें २०२० च्या अखेरीस बॉस्टन सोडून गेला असता तर आम्ही हळहळलों असतों, पण रागावलों नसतों. तो गेला नाहीं, धाडला गेला. आणि जुलैमध्यें त्यानें डॉजर्सशीं १२ वर्षांचा, ३६ कोटि ५० लक्षांचा करार करून टाकला.

पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक नसेल म्हणून सांगतों. डॉजर्सनीं बेट्सला घेऊन २०२०, २०२४ आणि २०२५ अशा तीन वर्ल्ड सीरीज जिंकल्या. रेड सॉक्स २०२०, २०२२ आणि २०२३ सालीं आपल्या गटांत तळाशीं राहिले. डाउन्स बॉस्टनसाठीं मोजून १४ सामने खेळला आणि २०२२ च्या डिसेंबरांत त्याला सोडून दिलें. वर्दूगो पुढच्या डिसेंबरांत यांकीजकडे गेला. हे आंकडे मित्रमंडळींत फेकावयास सोयीचे आहेत, पण आमचा मुद्दा त्यांवर उभा नाहीं. डाउन्स उद्यां थोर खेळाडू निघाला असता तरी आमचें म्हणणें हेंच राहिलें असतें. शिवाय फळावरून न्याय करूं गेलें तर बॉस्टनकरांनीं फार बोलूं नये हेंच बरें. २००२ च्या डिसेंबरांत मिनेसोटा संघानें डेव्हिड ऑर्टिझ नांवाचा गडी मोकळा केला, आणि पुढच्याच महिन्यांत तो रेड सॉक्सनीं थोडक्या पैशांत उचलला. ८६ वर्षांचा दुष्काळ संपला तो मुख्यतः त्याच्या बॅटीनें. मिनेसोटांतही त्या हिवाळ्यांत एखादें पोर रुसलें असेल. त्याची विचारपूस आमच्यापैकीं कोणीं केली?

२०२३ च्या ऑगस्टांत बेट्स डॉजर्सच्या पोषाखांत प्रथमच फेनवे पार्कवर खेळावयास आला, तेव्हां सारें मैदान उभें राहिलें. पुतण्या चौदा वर्षांचा झाला होता. तोही उभा राहिला, पण टाळ्या वाजविल्या नाहींत, असें बंधूंनीं आम्हांला कळविलें.

त्यानंतर त्याची भाषा बदलली. २०२४ च्या डिसेंबरांत रेड सॉक्सनीं गॅरेट क्रोशे हा गोलंदाज शिकागोच्या व्हाइट सॉक्सकडून घेतला आणि बदल्यांत चार होतकरू पोरें दिलीं. त्यांतल्या काइल टील या यष्टिरक्षकाला पाहण्यासाठीं हाच मुलगा वूस्टरला गेला होता आणि सही मिळेपर्यंत कुंपणाशीं उभा राहिला होता. आम्हीं टीलचें नांव काढलें तर म्हणाला, "काका, कॅचर मिळतात. असा डावरा पिचर मिळत नाहीं." सौदा उत्तम होता, हें आम्हांलाही मान्य आहे. क्रोशेशीं संघानें लगेच सहा वर्षांचा, १७ कोटींचा करार केला आणि २०२५ च्या मोसमांत त्यानें १८ सामने जिंकून दिले. घेतलेलें माणूस ठेवून घेण्याची दानत यांत दिसली. तरी 'कॅचर मिळतात' हें वाक्य त्या तोंडून ऐकतांना आमच्या कानांना कसेंसेंच झालें.

मग आला २०२५ चा जून. त्या फेब्रुवारींत संघानें तिसऱ्या बेससाठीं अॅलेक्स ब्रेगमनला आणलें, आणि तेथें वर्षानुवर्षें खेळणाऱ्या राफाएल डेव्हर्सला तूं आतां नुसती फलंदाजी कर असें सांगितलें. पुढें पहिल्या बेसवरचा गडी जायबंदी झाला, तेव्हां तेथें उभा राहण्याविषयीं डेव्हर्सला विचारलें. त्यानें नकार दिला. १५ जूनला त्याला सॅन फ्रान्सिस्कोकडे धाडलें. २०१८ च्या विजेत्या संघांतला तो उरलासुरला गडी होता. पुतण्याचा फोन आला तेव्हां आमच्याकडे सकाळ होत होती. करारांतले २५ कोटींहून अधिक डॉलर संघाच्या डोक्यावरून कसे उतरले, तें त्यानें आम्हांला पद्धतशीर समजावून दिलें. आम्हीं सगळें ऐकून घेतलें आणि विचारलें, "म्हणजे आतां आपण गरीब झालों का?"

पलीकडे बराच वेळ कांहीं ऐकूं आलें नाहीं. मग तो म्हणाला, "काका, तेव्हां मी लहान होतों." आणि येत्या हिवाळ्यांत पहिल्या बेसवर कोणाकोणाला आणतां येईल याची यादी त्यानें सुरू केली. आमचा चहा निवून गेला तरी ती संपली नव्हती.