मयतावर गुन्हा

महामार्गाच्या फाट्यावर किराणा दुकान असलं की माणूस आपोआप पंच होतो. अपघात झाला की हवालदार आधी दुकानात येतो, "काका, जरा चला, पंचनामा करायचाय." मुंबई–गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011 मध्ये पनवेलच्या बाजूने सुरू झालं. ते आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात पोचलं तेव्हापासून अशा कागदांवर बऱ्याच सह्या केल्यात. बहुतेक वेळा मयत परका असायचा. गेल्या पावसाळ्यात मात्र आमच्याच वाडीतला पोरगा गेला.

एमआयडीसीत कामाला होता. दुसरी पाळी संपवून मामाच्या मोटारसायकलवरून घरी येत होता. पुलाचं काम अर्धवट, म्हणून वाहतूक बाजूच्या कच्च्या रस्त्याने वळवलेली. गुळगुळीत काँक्रीटवर गाडी सुटते, आणि ते काँक्रीट एकदम संपतं. पुढे मातीचा ढिगारा. त्याच्या अलीकडे दोन प्लास्टिकचे ड्रम, एक आडवा पडलेला, दुसऱ्यावरची रेडियमची पट्टी चिखलाने माखलेली. मी अंगठ्याने पुसली तेव्हा ती हवालदाराच्या बॅटरीत चमकली.

हवालदाराने टेप धरली, अंतरं घेतली आणि लिहायला सुरुवात केली, 'रस्ता सरळ व सुस्थितीत'. हात त्या वाक्याला सरावलेला. म्हटलं, रस्ता सुस्थितीत कुठाय, संपलाय तो! ड्रमचं लिहा, फलक नाही ते लिहा. "काका, रस्त्याचं कशाला? गाडी कशी पडली तेवढं सांगा." त्याचंही खोटं नव्हतं, दिवसभर बंदोबस्त करून आला होता बिचारा. पण सही मी अडवून धरली. शेवटी वैतागून त्याने एक ओळ घातली, 'वळणावर सूचनाफलक दिसून आला नाही.'

गुन्हा दाखल झाला तो त्या पोरावरच. भरधाव वेगात, निष्काळजीपणे गाडी चालवून स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत. पेपरात अशी बातमी चार ओळींत येते आणि आपण पान उलटतो. त्याच्या वडिलांना, आमच्या नानांना, ती ओळ मीच वाचून दाखवली. "मेल्यावर पण आरोपी?" एवढंच बोलले.

पुढचं सगळं त्या ओळीवर अडलंय. समोरची गाडीच नाही, तर भरपाईचा दावा लावायचा कोणावर? गाडीच्या मालकाने स्वतः चालवताना जीव गमावला तर विम्यातून पंधरा लाख मिळतात, पण गाडी मामाच्या नावावर. गरिबाच्या घरात एक गाडी चार जण चालवतात, हे विम्याच्या कागदाला ठाऊक नाही. 2025 च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे जीव गेल्यास वारसांना सहा लाख देण्याचा आदेश दिला. नाना कात्रण घेऊन वकिलाकडे गेले. इथे तर खड्डाही नव्हता, रस्ताच नव्हता. वकील म्हणाले, बघू, पंचनाम्यात काय लिहिलंय त्यावर आहे.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आमच्यानंतर सुरू होऊन 2025 च्या जूनमध्ये पुराही झाला. तिथेही माणसं मरतात, ते सोडा. पण सरकारला रस्ता पुरा करता येतो हे तरी कळलं. आणि ज्यांच्या तक्रारीला वजन आहे ती मंडळी वंदे भारतने रत्नागिरीला उतरतात. रात्री अकराला भिजत दुचाकीवरून येणारा पाळीचा कामगार कुणाच्या बैठकीत बसलेला असतो?

कायदा नाही असंही नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 198अ आलं. रस्त्याच्या रचनेत, बांधकामात किंवा देखभालीत ठरलेले निकष पाळले नाहीत आणि त्यामुळे माणूस मेला किंवा अपंग झाला, तर ठेकेदाराला, सल्लागाराला किंवा जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड. एका जिवाला लाखभर, आणि तोही 'पर्यंत'. तरी कलम आहे. आजवर ते कुणावर लावलेलं माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज केलाय. 2019 पासून जिल्ह्यात या कलमाखाली किती गुन्हे, आणि स्वतःच्याच मृत्यूबद्दल मयतांवर किती? अर्ज घेणाऱ्या कारकुनाने कलमाचा आकडा दोनदा वाचला आणि आत साहेबांना विचारायला गेला. नाना बाकावर शेजारीच बसले होते. म्हणाले, "त्या ड्रमचं पण विचार. ते लावायचे पैसे कोणी घेतले ते."