भिंतीला बसलेला मळ

शिरोली एमआयडीसीतल्या एका स्टील फाउंड्रीच्या खरेदी विभागात मी लागले, तेव्हा हाताशी बी.कॉम.ची पदवी होती आणि घरच्या गुऱ्हाळावर लिहिलेले हिशेब. पहिल्याच आठवड्यात स्टोअरमध्ये एक खोका उघडला. आत पिवळसर, सच्छिद्र चौकोनी वड्या. स्पंजच वाटला, म्हणून एक बोटांनी दाबली. कोपरा तुटून हातात आला.

तो झिर्कोनियाचा सिरॅमिक फिल्टर होता. ‘पोलाद गाळायची चिनीमातीची जाळी’ असा अर्थ मी वहीत लिहिला. चिनीमाती शब्द चुकीचा होता, पण दुसरा सुचेना. तो बनतो मात्र खऱ्या स्पंजपासूनच. पॉलियुरेथेनचा फोम सिरॅमिकच्या दाट राबडीत बुडवतात, जादा राबडी पिळून काढतात, वाळवतात आणि भाजतात. फोम जळून जातो, त्याच्यावर बसलेला लेप तेवढा उरतो. या रीतीचं अमेरिकन पेटंट १९६३ सालचं आहे. म्हणजे मी ज्याला स्पंज समजले, तो भाजतानाच जळून गेला होता.

पुढची चूक महाग पडली. त्याच मापाचे राखाडी, सिलिकॉन कार्बाइडचे फिल्टर निम्म्याहून कमी दरात मिळत होते. ७५ बाय ७५ बाय २५ मिलिमीटर, माप तंतोतंत जुळलं. मी कुणालाही न विचारता मागवले. मोल्डिंगवाल्यांनी ते साच्यात बसवले. मशिनिंगला गेलेल्या कास्टिंगमध्ये टूल कशावर तरी अडखळलं: आत फिल्टरचे तुकडे होते. मेल्टिंगचे मामा तुकडा घेऊन माझ्या टेबलाशी आले. “ताई, हा बिडाचा फिल्टर. पोलादाला चालत नाही.” बीड साधारण १४०० अंशांना ओततात, पोलाद १६०० च्या आसपास. त्या उष्णतेत सिलिकॉन कार्बाइडमधलं सिलिकॉन आणि कार्बन पोलादात विरघळू लागतात. मी फक्त माप वाचलं होतं.

मामांनी रागावण्याऐवजी मला पोअरिंग बघायला बोलावलं. लॅडलमधल्या पोलादावर आलेला स्लॅग काढताना पाहून मी म्हणाले, “ही तर मळीच!” आमच्या गुऱ्हाळावर काहिलीतल्या उसाच्या रसात रानभेंडीचं चिकट पाणी घालतात, मळ धरून मळी वर येते, ती झाऱ्यानं काढतात. मामा म्हणाले, “वर येते ती मळी मी काढतो. वर न येणारीसाठी फिल्टर.”

पोलादातला ऑक्सिजन मारायला त्यात अ‍ॅल्युमिनियम घालतात. दोघं मिळून अ‍ॅल्युमिनाचे कण होतात. मोठे तरंगून वर येतात, काही मायक्रॉनचे बारीक कण आतच राहतात आणि पुढे तिथूनच कास्टिंगला तडा जाऊ शकतो. आमचा फिल्टर १० पीपीआयचा, म्हणजे एका इंचात १० भोकं. मिलिमीटरच्या भोकांतून मायक्रॉनचा कण अडेल कसा? मी हा प्रश्न मेटॅलर्जीच्या मॅडमना विचारला, तेव्हा कळलं की चहाच्या गाळणीचं चित्र मी डोक्यातून काढायला हवं होतं. कण भोकात अडकत नाही. वाकड्यातिकड्या वाटेनं जाताना तो भिंतीला लागतो आणि चिकटतो. वितळलेलं पोलाद सिरॅमिकला ओलं करत नाही, त्यामुळे भिंतीशी आलेला कण तिथंच राहतो.

काही फिल्टरांवर वरून वेगळा लेप का देतात, तेही मग कळलं. मॅडमनी एक काळा फिल्टर दाखवला: कार्बननं बांधलेल्या अ‍ॅल्युमिनाचा, वरून अ‍ॅल्युमिनाचाच पातळ लेप. जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या खाणकाम विद्यापीठात अशा फिल्टरांवर बरंच काम झालंय. पोलादातला मळ अ‍ॅल्युमिनाचा, लेपही अ‍ॅल्युमिनाचा, त्यामुळे त्या तापमानाला दोन्ही भाजले जाऊन एकमेकांना घट्ट धरतात. भेंडीच्या पाण्याची मला आठवण झाली, पण इथं चिकटपणा रसात नाही, भिंतीत घातलाय.

गेल्या आठवड्यात रनरमधून, म्हणजे साच्यात पोलाद वाहून नेणाऱ्या वाटेतून, कापून काढलेला वापरलेला फिल्टर मी मॅडमबरोबर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. भोकांत चकचकीत पोलाद थिजलं होतं. भिंतीच्या कडेकडेनं मात्र बारीक करड्या कणांची दाट किनार होती. मी बराच वेळ डोळा उचलला नाही.