वरचा धुरा, खालचा धुरा

आमच्या गोंडपिपरी तालुक्यात धानाची बांधी नेमकी चौरस क्वचितच असते. जमीन उताराची. पाणी अडून राहावं म्हणून मोठे धुरे उताराला आडवे, एकमेकांना समांतर घालतात. वरचा धुरा आखूड, खालचा लांब, बाजूचे दोन तिरपे. या आकाराला भूमितीत समलंब चौकोन म्हणतात हे आठवीच्या पुस्तकात होतं आणि सूत्रही मला पाठ होतं: समांतर बाजूंची बेरीज, गुणिले उंची, भागिले दोन. पण पुस्तकातली आकृती आणि घरामागची बांधी एकच आहे, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बेरीज कशासाठी आणि दोननं का भागायचं, असा प्रश्नही कधी पडला नाही.

तो प्रश्न माझ्या मायनं विचारला. ती शाळेत गेलेली नव्हती. पावसाळ्यात बायांची टोळी गुत्त्यानं रोवणी घ्यायची, एकरामागे भाव ठरवून. सगळं शेत रोवलं तर सातबाऱ्यावर जेवढं तेवढं. पण मधेच पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, संपले की रोवून झालेल्या बांध्यांपुरतेच पैसे घ्यायचे असत, आणि तिथं अदमासाशिवाय काही नसे. एका संध्याकाळी हातपाय धुता धुता ती म्हणाली, "वरचा धुरा लहान, खालचा मोठा. मंग बांधी केवढी धराची?"

मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी गणिताच्या सरांना विचारलं. सरांनी खडू हातात घेतलाच नाही. "माप कुठाय?" एवढंच म्हणाले.

शाळा सुटल्यावर ते टेप आणि सुतळी घेऊन आमच्यासोबत बांधीवर आले. वरचा धुरा 20 मीटर भरला, खालचा 32. आता उंची. आम्ही पोरं तिरप्या धुऱ्यावरून टेप धरून चाललो, तर सरांनी थांबवलं. उंची म्हणजे दोन समांतर धुऱ्यांमधलं सरळ अंतर. त्यांनी सुतळीला सारख्या अंतरावर गाठी मारल्या. तीन, चार आणि पाच भागांचा त्रिकोण ताणून वरच्या धुऱ्यावर काटकोन बसवला आणि त्या रेषेनं खाली मोजायला लावलं. 15 मीटर.

मग धुऱ्यावर बसूनच त्यांनी विचारलं, "सगळी बांधी वरच्या धुऱ्याएवढीच रुंद असती तर?" 300 चौरस मीटर. "आणि खालच्याएवढी असती तर?" 480. "खरी बांधी यांच्यामध्येच कुठंतरी असणार ना? कुठं?" कुणीतरी भीत भीत म्हणालं, "बरोबर मधात." 390. सूत्रानं तेवढंच येत होतं. म्हणजे बेरीज करून दोननं भागायचं ते मधली रुंदी काढायला! वहीत इतके दिवस लिहिलेल्या त्या ओळीचा अर्थ मला त्या दिवशी लागला.

सर तिथंही थांबले नाहीत. मध्येच असणार असं वाटणं निराळं आणि तसं सिद्ध करणं निराळं, यावर त्यांचा कटाक्ष असे. वर्गात त्यांनी पुठ्ठ्याचे दोन सारखे समलंब चौकोन कापायला लावले आणि एक उलटा करून दुसऱ्याच्या तिरप्या बाजूला जोडायला सांगितला. समांतरभुज चौकोन झाला. त्याचा पाया दोन्ही बाजूंच्या बेरजेएवढा, उंची तीच आणि आपला तुकडा त्याचा निम्मा.

घरी मायला मी चौरस मीटर सांगितले असते तर तिला त्याचा उपयोग नव्हता. एकर म्हणजे सुमारे 4047 चौरस मीटर. तेव्हा ही बांधी एकराच्या दहाव्या भागाला थोडी कमी, असं सांगितलं. तिनं मान डोलावली आणि दुसऱ्या बांधीचं विचारलं.

पुढं डी.एड.ला असताना यज्ञवेदींची मापं सांगणाऱ्या प्राचीन शुल्बसूत्रांविषयी वाचलं. सोमयागाची महावेदी समलंब चौकोनी: पूर्वेची बाजू 24 पदं, पश्चिमेची 30, लांबी 36. शुल्बसूत्रकार आपस्तंबांनी तिचं क्षेत्रफळ 972 दिलं आहे. ते कसं येतं, हेही सांगितलं आहे: एका बाजूचा त्रिकोण कापून उलटा करून दुसऱ्या बाजूला लावायचा की आयत होतो. इ. स. 499 च्या आर्यभटीयातही समांतर बाजूंच्या निम्म्या बेरजेचा हाच नियम आहे. वाचताना मला आमच्या पुठ्ठ्याच्या तुकड्यांची आठवण झाली. एवढ्या जुन्या परंपरेतलं शिक्षण आम्हाला एका आडगावच्या शाळेत मिळालं होतं, आणि देणाऱ्यानं त्याचा कधी उच्चारही केला नव्हता.

आज मी याच तालुक्यात शिकवते. माझ्याजवळ जे आहे ते त्यांचंच. मध्यंतरी वर्गातल्या एका मुलीनं पुठ्ठा जोडण्याऐवजी कर्णावर कापला. दोन त्रिकोण झाले, दोघांची उंची एकच. बांधीच्या त्याच मापांनी एक 150 आणि दुसरा 240 आला. बेरीज 390. ही रीत सरांनी आम्हाला दाखवली नव्हती. मी त्यांना फोन करून सांगितलं, तर त्यांनी आधी त्या मुलीचं नाव विचारलं. कौतुक तिचंच व्हायला हवं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मायच्या प्रश्नाचं ऋणही तेवढंच आहे. तिनं विचारलं नसतं तर सर बांधीवर आले नसते आणि मी बहुधा गणिताकडे वळले नसते.

आठवीला क्षेत्रफळ शिकवणाऱ्या माझ्या सोबत्यांना एकच विनंती आहे. सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी एक तास काढा, टेप आणि सुतळी घ्या आणि मुलांना जवळच्या बांधीवर न्या. रोवणीच्या आधी न्या, म्हणजे चिखलात कुणाचे पऱ्हे तुडवले जाणार नाहीत.